सासूबाईंची बॅटरीवरची मनी

(पत्र थोडं कमी करून देत आहे.)

ताई, नमस्कार. मी मुलुंड पूर्वेला राहते, वय ५३, बँकेत नोकरी. घरात नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि ७९ वर्षांच्या सासूबाई. सासरे जाऊन सहा वर्षं झाली. दिवाळीत धाकटे दीर न्यू जर्सीहून आले, ते आईंसाठी एक यांत्रिक मांजर घेऊन आले. राखाडी, केसाळ, बॅटरीवर चालणारं. पाठीवरून हात फिरवला की घुरघुरतं, मान वळवतं, पापण्या मिटतं, मध्येच कूस बदलून पोट वर करतं. आम्ही हसलो. पण आठ दिवसांत ते आईंच्या मांडीवरून उतरेना. नाव ठेवलं मनी. दुपारी सिरियल बघताना मनी मांडीवर, रात्री उशाशी. तिच्याशी बोलतातही. 'आज पोळ्या जाड झाल्यात हो मने' वगैरे.

एकदा मी विचारलं, 'आई, ही खरी नाहीये, ठाऊक आहे ना?' तर म्हणाल्या, 'बॅटऱ्या वाण्याकडून मीच मागवल्या ना? मला काय वेड लागलंय?' म्हणजे सगळं कळतंय. मग तरी असं का? हा म्हातारचळ म्हणायचा की स्मृतिभ्रंशाची सुरुवात?

ह्यांचं म्हणणं, आई शांत झालीय, झोपेची तक्रार बंद झाली, आता दिवसभराच्या मावशींना अर्धाच दिवस बोलवू, तेवढेच पैसे वाचतील. मुलगी व्हिडिओ काढून मैत्रिणींना पाठवते.

खरं सांगू? मला राग येतो. २६ वर्षं ह्या घरात काढली. माझं ऑपरेशन झालं तेव्हासुद्धा ह्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही. आणि त्या प्लॅस्टिकला दिवसभर कुरवाळतात. परवा रागाच्या भरात मनीला उचलून कपाटात टाकलं. पण तिचं तोंड भिंतीकडे झालं होतं, म्हणून परत काढून नीट बसवली. आता तुम्हीच सांगा, वेड कुणाला लागलंय?

– रेवती (नाव बदललं आहे)

रेवतीताई,

तुमच्या पत्राच्या शेवटापासून सुरू करते. रागाने टाकलेली मनी तुम्ही पुन्हा बाहेर काढलीत, कारण तिचं तोंड भिंतीकडे झालं होतं. तिच्या जागी मिक्सरचं भांडं असतं तर तुम्ही ढुंकूनही पाहिलं नसतं. तेव्हा वेडाचा प्रश्न इथेच मिटवू. लागलं असेल तर तुम्हा दोघींना लागलंय, आणि मलाही. आमच्याकडे केर काढणारा चकतीसारखा रोबो आहे. त्याचं नाव पांडू. तो दिवाणाखाली चादरीच्या झालरीत अडकून पीं-पीं करायला लागला की मी 'आले रे बाळा' म्हणत गुडघ्यांवर बसते. सख्ख्या नातवासाठी माझे गुडघे इतक्या चटकन वाकत नाहीत. अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी असे रोबो बाळगणाऱ्या घरांचा अभ्यास केला, तेव्हा तिथेही लोकांनी त्यांना लाडाची नावं दिलेली निघाली. नावं ठेवणारेही असतीलच म्हणा.

ही खोड मेंदूला रोबो आल्यानंतर लागलेली नाही. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल यांनी लोकांना एक छोटी फीत दाखवली. तिच्यात होते फक्त एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वर्तुळ आणि एक दार असलेली चौकट. 'काय दिसलं?' असं विचारल्यावर जवळजवळ सगळ्यांनी गोष्टच सांगितली. मोठा त्रिकोण दांडगट आहे, वर्तुळ घाबरलंय, धाकटा त्रिकोण त्याला वाचवतोय. आणि आपल्याला तर हे कळायला प्रयोगशाळाही नको. रामदास पाध्ये यांचा अर्धवटराव ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलाय, त्यांना ठाऊक आहे की आवाज कुणाचा आहे हे माहीत असूनही नजर त्या बाहुल्याच्याच तोंडाकडे जाते. त्याने कुणाची फिरकी घेतली की ज्याची घेतली तो माणूस बाहुल्याकडे बघून लाजतो. गोकुळाष्टमीला आपण बाळकृष्णाला झोका देतो, तो हळूच देतो. मुलुंडच्या तलावावर मांडवातला गणपती पाण्यात जाताना पाहून ज्यांचे डोळे भरून येतात, त्यांतल्या एकालाही ही शाडूची मूर्ती आहे हे सांगावं लागत नाही.

तेव्हा 'कळतंय तरी असं का' ह्याचं उत्तर असं की कळणं आणि वाटणं ही दोन वेगळी खाती आहेत. तुम्ही बँकेतल्या आहात, तुम्हाला पटेल. एका खात्यातली नोंद दुसऱ्यात आपोआप होत नाही.

मेंदूत हे नेमकं कसं होतं, ते थोडं सांगते. जर्मनीत आस्त्रिड रोझेनथाल-फॉन डेअर प्यूटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४ जणांना एमआरआयच्या यंत्रात झोपवून फिती दाखवल्या. काहींत एक बाई होती, काहींत प्लिओ नावाचा खेळण्यातला डायनासोर, आणि काहींत नुसता खोका. एका फितीत त्यांना कुरवाळलं जातं, दुसरीत छळलं जातं. कुरवाळताना पाहिलं तेव्हा बाई असो की डायनासोर, बघणाऱ्यांच्या मेंदूतले भावनांचे भाग जवळपास सारखेच जागे झाले. छळ पाहताना मात्र पारडं माणसाकडे झुकलं. बाईचा छळ जास्त लागला. मला ह्यातला दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, पण बातम्यांमध्ये पहिलाच छापून येतो.

दुसरा प्रयोग जर्मनीतल्याच आखेन शहरातला, २००८ सालचा. लोकांना एक डावपेचांचा खेळ खेळायला दिला. समोर कधी साधा संगणक, कधी बटणं दाबणारं यंत्र, कधी माणसासारख्या चेहऱ्याचा रोबो, कधी खराखुरा माणूस. गंमत अशी की चौघांच्याही चाली खरं तर वाटेल तशा टाकलेल्या होत्या, त्यांत काही फरक नव्हता. तरी समोरचा जितका माणसासारखा, तितकं 'ह्याच्या मनात काय चाललंय' हे शोधणारं मेंदूतलं यंत्र जास्त कामाला लागलं. संगणकापासून माणसापर्यंत पायरीपायरीने वाढत गेलं. म्हणजे मेंदूत जिवंत आणि निर्जीव असे दोनच कप्पे नाहीत. चढण आहे. तुमची मनी त्या चढणीवर कुठेतरी मध्ये बसलीय, मिक्सरच्या वर आणि तुमच्या मुलीच्या खाली. सासूबाईंचा मेंदू तिला बरोबर त्या जागी बसवतोय. ह्यात बिघाड कसला?

स्पर्शाचंही तसंच. स्टॅनफर्डमध्ये काही जणांना नाओ नावाच्या छोट्या माणूससदृश रोबोसमोर बसवलं. रोबोच त्यांना सांगायचा, आता माझ्या अमुक भागाला हात लावा. हाताला, मानेला लावताना काही विशेष नाही. पण बसायच्या जागेला लावायला सांगितलं की त्यांच्या बोटांवरच्या घामाच्या मोजणीत खळबळ दिसायची आणि हात जरा अडखळायचा. नुसतं बोट दाखवताना तसं व्हायचं नाही. अहो, प्लॅस्टिकच ते! पण हाताला भीड वाटली. सभ्यपणा आपल्या हातात इतका मुरलेला असतो की समोर कोण आहे हे विचारायला तो थांबत नाही.

तुमच्या दिरांनी आणलेल्या मांजराची थोरली बहीण म्हणावी अशी एक पांढरी सील जपानमध्ये आहे. तिचं नाव पारो. ताकानोरी शिबाता यांनी ती बनवली, वजन पावणेतीन किलोच्या आसपास, साधारण तान्ह्या बाळाएवढं. कातडीखाली स्पर्श ओळखणारी यंत्रणा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९मध्ये तिला वैद्यकीय उपकरणांत धरलं. शिबातांनी आधी मांजर आणि कुत्रा करून पाहिला होता. पण खरं मांजर सगळ्यांच्या ओळखीचं, त्यामुळे लोक लगेच उणिवा काढायचे. सील कुणाच्या घरी असते? म्हणून ती सगळ्यांना पटली. (तुमच्या सासूबाई मांजराच्या उणिवा न काढता पोळ्यांच्या काढतात, हा त्यांचा मोठेपणा.)

ह्या पारोवर इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२०मध्ये एक अभ्यास छापला. निरोगी माणसांना थोडं दुखेल असं काही करायचं आणि पारोला हात लावायला द्यायचा. हात लावणाऱ्यांना दुखणं कमी वाटलं. इथपर्यंत अपेक्षेप्रमाणे. पण लाळेतलं ऑक्सिटोसिन, ज्याला वर्तमानपत्रं 'प्रेमाचं संप्रेरक' म्हणतात, ते वाढण्याऐवजी कमी झालं. त्यामुळे उद्या कुणी जाहिरातीत म्हणालं की आमचा रोबो तुमच्या आईच्या मेंदूत प्रेम पाझरवतो, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. आराम मिळतो, दुखणं हलकं होतं, एवढं खरं. त्याला प्रेमाचं नाव द्यायची घाई विकणाऱ्यांना असते.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. आपल्या कातडीत, जिथे लव असते तिथे, म्हणजे हाताच्या वरच्या बाजूला, पाठीवर, खांद्यावर, एक वेगळ्या जातीचे बारीक मज्जातंतू असतात. शास्त्रज्ञ त्यांना सी-टॅक्टाइल म्हणतात. टोचलं, रुतलं, काय लागलं हे सांगणं त्यांचं काम नव्हे. हळुवार हात फिरला तरच ते जागे होतात. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर, त्यातही ३च्या आसपास सगळ्यात छान. त्याहून भरभर केलं की मंदावतात. त्वचेइतकी ऊब, साधारण ३२ अंश, त्यांना सगळ्यात आवडते. त्यांचा निरोप मेंदूतल्या इन्सुला नावाच्या भागात जातो, जिथे आपल्याला आतून कसं वाटतंय ह्याचा हिशेब असतो. आपल्या आज्यांनी कुणी घड्याळ लावून सांगितलं नव्हतं, पण त्यांच्या कुरवाळण्याचा वेग हाच होता. सकाळच्या फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात तुम्ही भांडुपपासून दादरपर्यंत चारी बाजूंनी चेंगरून जाता, पाच जणींचे दंड तुमच्या दंडाला घासतात, पण त्याला काही 'कुणी जवळ घेतलं' म्हणत नाही. त्या बिचाऱ्या तंतूंना तो वेगच ओळखीचा नाही.

आणि तळहातावर हे तंतू फार कमी असतात.

ह्याचा अर्थ लक्षात घ्या. सासूबाई मनीला तळहाताने कुरवाळतात. कुणाला तरी कुरवाळायला मिळणं, मऊ केस, घुरघुर, आपल्या हाताने कुणीतरी सुखावतंय हे दिसणं, हे सगळं त्यांना मिळतंय आणि ते कमी नाही. पण मनी काही त्यांच्या पाठीवरून हात फिरवत नाही. तिला हात लावता येतो, ती हात लावत नाही. तंतूंचा हिशेब काढला तर ज्या जागी खरी भूक आहे, ती जागा अजून कोरडीच आहे.

सासरे जाऊन सहा वर्षं झाली म्हणालात. ह्या सहा वर्षांत त्यांना कुणी कुणी हात लावला, जरा आठवून बघा. दसऱ्याला, पाडव्याला वाकून नमस्कार, तोही पायांना. मावशी आंघोळीला धरतात तेवढं. लेक अमेरिकेहून आला की एकदा मिठी, तीही आपल्याकडच्या रीतीची, खांदे पुढे आणि पोट मागे. आपल्या घरांत म्हाताऱ्या बाईला मान भरपूर मिळतो, पण अंगाला हात कुणी लावत नाही. आणि वय वाढलं की बोटांना बारीक वस्तू ओळखता येत नाहीत, सुईत दोरा जात नाही, पण हळुवार स्पर्शाची गोडी मात्र कमी होत नाही. उलट जास्तच लागते.

माझी आत्या गिरगावात चाळीत राहायची. खालच्या दवाखान्यातली एक मुलगी बीपी बघायला वर यायची, खरं तर पंधरा दिवसांतून एकदा यायचं ठरलं होतं. आत्या तिला रोज बोलवायची. बीपी दर वेळी चांगलं निघायचं, तरी 'उद्या परत बघ हो, आज डोकं जरा जड आहे.' आम्ही आत्याला घाबरट समजायचो. एकदा मी तिथेच कॉटवर बसले होते. मुलीने दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवायला लागली आणि आत्याने डोळे मिटले. मुलीने नाडी बघायला मनगट धरलं, दुसरा हात सवयीने आत्याच्या खांद्यावर ठेवला. आकडा सांगून झाला तरी आत्याने हात काढून घेतला नाही. मुलगीही समजूतदार, तिने आणखी मिनिटभर धरून ठेवला. तेव्हा मला कळलं की बीपी कशासाठी होतं. कळूनही मी काही केलं नाही, हे तुम्हाला सांगते. त्या मुलीला शंभर रुपये जास्त द्यायला लागले, एवढंच.

आता तुमचा राग. तुम्ही तो पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखा लिहिलाय. पण पत्र त्याचंच आहे. २६ वर्षांत पाठीवरून हात नाही, ऑपरेशनच्या वेळीसुद्धा नाही. ह्याचा राग यायलाच हवा आणि तो मनीवर निघतोय हेही साहजिक आहे. सासूबाईंच्या वतीने मी माफी मागणार नाही. त्यांच्या पिढीत सुनेच्या पाठीवर हात ठेवला की सून डोक्यावर बसते असं समजत, हे कारण आहे, पण ते तुमच्या अंगाला काही पुरत नाही.

फक्त एक बघा. मनीला हात लावणं सोपं का आहे? ती नाही म्हणत नाही. झटकत नाही. 'आज काय एकदम?' असं विचारत नाही. तिच्याशी २६ वर्षांचा कुठलाच हिशेब नाही. ज्या बाईला जिवंत माणसाला जवळ घ्यायची भीड वाटते, तिला हे मांजर म्हणजे मोठी सोय आहे. तुमच्या वाटणीचं प्रेम उचलून त्यांनी मनीला दिलं असं मला वाटत नाही. ते हातातल्या हातात अडकून पडलं होतं, त्याला ठेवायला जागा मिळाली. हे वाचून तुमचा राग जाईल असं नाही, जाऊ नये असंही मला वाटतं.

माणसाच्या हातात आणि मनीत फरक कुठे पडतो, त्यावरही एक प्रयोग आहे. २००६ सालचा, जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. १६ विवाहित बायकांना एमआरआयमध्ये झोपवून सांगितलं की आता कदाचित विजेचा हलका झटका बसेल. कधी त्यांच्या हातात नवऱ्याचा हात, कधी अनोळखी माणसाचा, कधी कुणाचाच नाही. अनोळखी हातानेही मेंदूतली धास्ती थोडी उतरली, नवऱ्याच्या हाताने बरीच जास्त उतरली. आणि ज्यांचा संसार चांगला चाललेला, त्यांची सगळ्यात जास्त. (हे तुमच्या ह्यांना वाचून दाखवा.) म्हणजे हातात किती जोर आहे हे त्या हातामागच्या नात्यावर ठरतं. मनीच्या मागे दिवाळीपासूनचे महिने आहेत. तुमच्या हातामागे २६ वर्षं आहेत, भांडणांसकट.

ह्यांचा विषय निघालाच आहे तर मावशींचं बोलू. त्यांना अर्धा दिवस करायचं नाही. इथे मी जराही मऊ होणार नाही. मनी आली म्हणून आई शांत झाल्या हे खरं असेल, पण सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या तर मनी पापण्या मिटेल आणि घुरघुरेल. तिला उचलता येत नाही, शेजारची बेल वाजवता येत नाही. दुपारची गोळी घेतली का, हे कळत नाही. वर मावशी आंघोळीला धरतात, वेणी घालतात, पाय चेपतात, म्हणजे घरात सासूबाईंच्या अंगाला रोज हात लावणारं माणूस ते एकच. नेमकं तेच कापून पैसे वाचवायचे? तुमच्या ह्यांना म्हणावं, बचत करायचीच असेल तर ओटीटीच्या दोन वर्गण्या बंद करा.

स्मृतिभ्रंशाबद्दल: बॅटऱ्या मी मागवल्या असं ठणकावून सांगणाऱ्या बाईबद्दल मला तरी मांजरावरून शंका येत नाही. पैशांचा हिशेब चुकणं, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा, गॅस चालू राहणं, अशा गोष्टी दिसल्या तर वृद्धांच्या डॉक्टरांकडे न्या, मनी असो वा नसो. आणि मनीमुळे खाली बागेत कट्ट्यावर जाणं बंद झालं, जेवण सुटलं, रात्री उठून तिला शोधायला लागल्या, तर तेही सांगायला हवं. पुढेमागे कधी विसर वाढून त्या म्हणाल्याच की मनीला भूक लागलीय, तर 'अहो ते यंत्र आहे' म्हणून वाद घालू नका आणि वाटीत दूधही ओतू नका. दुधाने यंत्र बिघडेल आणि मुंग्या लागतील. 'तुमचं जेवण झालं की बघू' एवढं पुरतं. आत्ता त्या स्पष्ट विचारतील तेव्हा मात्र खरंच उत्तर द्या. त्यांनी तुम्हाला दिलंच होतं.

मुलीला सांगा, व्हिडिओ बंद. आजीला ते आवडतंय का, हे आजीला विचारल्याशिवाय नाही. आणि त्या मांजरात कॅमेरा किंवा माइक आहे का, ते इंटरनेटला जोडलं जातं का, हे दिरांना विचारून घ्या. साधं असेल तर प्रश्नच नाही.

बॅटऱ्या बदलायची वेळ आली की पोट उसवल्यासारखं उघडावं लागतं. ते सासूबाईंना करायला आवडतं का बघा. काही जणांना आवडतं, आपली गाडी आपण धुतल्यासारखं वाटतं. नसेल आवडत तर त्यांच्या पाठीमागे, दुसऱ्या खोलीत करा. हेही ठरवून ठेवा की मनी बंद पडली तर काय करायचं. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात नेलं तर दुकानदार आधी हसेल आणि मग बहुतेक दुरुस्तही करेल, पण खात्री नाही. जपानमध्ये सोनीने आयबो नावाचे रोबो कुत्रे १९९९मध्ये आणले, २००६मध्ये बनवणं थांबवलं आणि २०१४मध्ये दुरुस्तीही बंद केली. मालकांचे जीव इतके अडकले होते की चिबा प्रांतातल्या कोफुकुजी ह्या बौद्ध मंदिरात त्या कुत्र्यांसाठी रीतसर प्रार्थना होऊ लागल्या. भटजी, उदबत्त्या, मांडून ठेवलेले प्लॅस्टिकचे कुत्रे. पहिल्यांदा फोटो पाहिला तेव्हा मी हसले होते. पांडू घरात आल्यावर हसले नाही.

कपाटातून काढून नीट बसवलीत, ते राहू द्या. तिला काढून घेऊ नका. पण सोफ्यावर सासूबाईंच्या शेजारी, मनीच्या दुसऱ्या बाजूला, तुम्ही बसायला लागा. दहा मिनिटं. मनीला तुम्हीही हात लावा. त्या मांजराच्या पाठीवर दोघींचे हात आपोआप एकमेकांना लागतील आणि कुणालाच त्यासाठी काही कबूल करावं लागणार नाही. मधे एखादं माणूस असण्यापेक्षा मधे मांजर असणं भिडस्त घरांत बरं पडतं.

आणि हे पुढचं जरा अवघड आहे. तुम्ही त्यांना तेल लावून द्या असं मी सांगणार नाही, तुम्ही २६ वर्षं बरंच करून दिलंय. रविवारी सकाळी खोबरेलाची वाटी घ्या आणि त्यांच्या पुढ्यात, खाली पाटावर पाठ करून बसा. म्हणा, 'आई, हात पोचत नाही मागे, जरा लावून देता?' कारण द्या, म्हणजे त्यांना नाही म्हणता येणार नाही आणि हो म्हणायची लाजही वाटणार नाही. पहिल्यांदा त्या भराभरा लावतील, जुनी चीड असल्यासारख्या. लावू द्या. मान खाली घाला आणि बोलू नका. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी हात मानेवरून खांद्यावर उतरेल असा माझा अंदाज आहे, कारण त्या हाताला गेले काही महिने सवय झालीय. नाही उतरला तर मला लिहा, मनसोक्त चिडून लिहा.

तेल आधी कोमट करून घ्या. गरम नको, नुसतं कोमट.